सातवी स्लाइड

सातवी स्लाइड अंधारी निघाली तेव्हा तिला आधी वाटलं, दिवाच लागला नाही. मायक्रोस्कोपचा दिवा म्हातारा झाला होता. तापायला वेळ घ्यायचा, मध्येच रुसायचा, आणि त्याची मर्जी सांभाळायचं काम इतकी वर्षं तिच्याचकडे होतं. पण पेशींचे निळे ठिपके लख्ख दिसत होते, म्हणजे दिव्याची काही तक्रार नव्हती. निळ्यात हिरवं मात्र कुठेच नव्हतं. तिने स्लाइड एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाहिली, एक पट्टा जाताना आणि एक येताना, फरशी पुसावी तशी. मग पुन्हा पाहिली. पहिल्या सहा स्लाइडवर हिरवं सापडलं होतं. कुणाच्या चार पेशी, कुणाच्या सात, शेजारच्या टेबलावरच्या मास्तरांच्या तर अकरा, आणि त्यावरून ‘नाक असावं तर असं’ म्हणत ते सकाळपासून मिरवत होते. सातवी स्लाइड तिची स्वतःची होती. अंधाऱ्या खोलीत स्टुलावर बसून ती त्या निळ्या पसाऱ्याकडे बघत राहिली आणि तिच्या छातीत काहीतरी सैल झालं, दिवसभराचे बूट काढल्यावर पाय सैल होतात तसं. आपल्याला आनंद झाला आहे हे कळायला तिला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर तिला स्वतःचीच जरा भीती वाटली.

काम तसं साधं होतं, निदान सांगायला. माणसाच्या नाकात वास टिपणारी प्रोटीनं शेकड्यांनी असतात आणि एका पेशीच्या वाट्याला त्यातलं एकच येतं. त्यातल्या एकाला, ज्याला नाव नव्हतं, नुसता नंबर होता, हुडकून काढणारी अँटिबॉडी त्यांच्या प्रयोगशाळेने मुद्दाम करून घेतली होती. त्या प्रोटीनचा एवढासा तुकडा एका सशाला टोचला होता. सशाच्या रक्ताने त्या तुकड्याशी वैर धरलं, आणि ते वैर गाळून, साफ करून, बोटाच्या पेराएवढ्या नळ्यांमध्ये गोठवून इथे आलं होतं. अँटिबॉडीचा थेंब पेशींवर सोडायचा; ते प्रोटीन असेल तर ती त्याला घट्ट चिकटते, नसेल तर धुतल्यावर वाहून जाते. मग तिला ओळखणारा हिरवा रंग सोडायचा, की जिथे ती चिकटली असेल तिथे पेशी उजळते. पण अँटिबॉडीचाही काही भरवसा नाही, कधी कधी रंग भलतीकडेच लागतो. म्हणून दर खेपेला एक स्लाइड कोरी ठेवायची. तिच्यावर बाकी सगळं करायचं, फक्त अँटिबॉडी घालायची नाही. कोऱ्या स्लाइडवर हिरवं दिसलं तर समजायचं की सगळंच फुकट गेलं. नमुने मात्र ज्याचे त्यालाच द्यावे लागत. नाक-कान-घशाचे डॉक्टर येत आणि बारीक ब्रश नाकात पार वरपर्यंत घालून फिरवत; भल्याभल्यांच्या डोळ्यांतून धारा लागत. एवढं सोसून दिलेला नमुना कोऱ्या स्लाइडवर वाया घालवायला कुणी राजी नसे. ‘माझा घ्या,’ असं ती पहिल्याच वर्षी कधीतरी म्हणाली होती, आणि तेव्हापासून कोरी स्लाइड तिचीच हे ठरून गेलं, घरात करपलेलं कुणी खायचं हे न बोलता ठरून जातं तसं. त्यामुळे इतक्या वर्षांत तिच्या पेशींना खरी अँटिबॉडी कधी लागलीच नव्हती. या खेपेला एक माणूस कमी पडला. प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत आणि ज्या वयाने तिच्याहून चांगल्या लहान होत्या, म्हणाल्या, “मग तुमचीच एक खरी पण करा की.” सातवी खरी, आठवी कोरी. आता दोन्ही सारख्याच अंधाऱ्या होत्या.

हे प्रोटीन नेमका कसला वास टिपतं, याचा मोठ्या बाईंना एक अंदाज होता, आणि तो अजून अंदाजच होता. तान्ह्या मुलांच्या टाळूवर एक पदार्थ सापडतो, त्याचा. हा अंदाज त्यांनी बैठकीत पहिल्यांदा बोलून दाखवला तेव्हा ती मध्येच उठून हात धुवायला गेली होती आणि हात स्वच्छ असताना बराच वेळ धुवत राहिली होती. तिची मुलगी जन्मली तेव्हा त्या दवाखान्याच्या खोलीची खिडकी नीट लागत नव्हती. पडद्याखालून गार वारा यायचा आणि कुणीतरी फटीत वर्तमानपत्र कोंबलं होतं. त्या खोलीत सगळे वाकून वाकून मुलीच्या टाळूला नाक लावत होते. सासूबाई, नणंद, नवरा, इंजेक्शन द्यायला आलेली नर्ससुद्धा. “घेऊन तरी बघ,” सासूबाई म्हणाल्या, “जगात दुसरा वास नाही असा.” तिने वाकून पाहिलं. साबणाचा वास आला, धुतलेल्या दुपट्याचा आला, दुधाचा आला. मुलीचा आला नाही. “हो ना,” ती म्हणाली, आणि सगळ्यांचे चेहरे समाधानाने फुलले. नंतर कुणी खोलीत नसताना तिने पुन्हा पाहिलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा, घरी गेल्यावर पुन्हा. बाकीच्या बायकांच्या आत काहीतरी असतं आणि ते या वासाने उघडतं, अशी तिची समजूत झाली, आणि आपल्यात ते नाही हेही तिने आपल्याशीच ठरवून टाकलं. कुणाला विचारणार होती? असं काही विचारायलाही तोंड लागतं. मग तिने सगळं वेळच्या वेळी केलं. दूध, लस, शाळेचे बूट, केसांची वेणी, तापातली जागरणं. एकही गोष्ट चुकली नाही, आणि प्रत्येक गोष्ट करताना आपण या जागेवर नेमलेल्या आहोत, आज ना उद्या कुणीतरी कागद तपासायला येईल, असं तिला वाटत राहिलं. मुलगी मोठी झाली ती शहाणी, नीटनेटकी आणि थोडी परकी. तिने मुलीवर कधी हात उगारला नाही, आणि तिला घट्ट धरून ती कधी रडलीही नाही. नवरा होता तोवर घरात बोलणं असायचं, कारण तो दोघींशीही बोलायचा. तो गेल्यावर कळलं की त्या दोघी एकमेकींशी बोलतच नव्हत्या.

“सोनं आहात तुम्ही,” मोठ्या बाई मायक्रोस्कोपमधून डोळे न काढता म्हणाल्या. “ज्याच्याकडे ते नाहीच असा एक तरी माणूस हवा असतो. त्याच्यावर हिरवं आलं नाही, म्हणजे आपली अँटिबॉडी खोटं बोलत नाही. लोक वर्षानुवर्षं शोधतात असा माणूस, आणि आमच्याकडे तो काचेची भांडी मोजत बसलाय.”

“म्हणजे तुम्हाला तान्ह्या बाळाचा वास येतच नसणार,” मास्तर दारातून म्हणाले. ते पूर्वी कॉलेजात शिकवायचे. कुठलीही गोष्ट दोनदा सांगितल्याशिवाय ती कुणाला कळली असेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. “तो वास येतच नसणार तुम्हाला.”

“नाही येत,” ती म्हणाली.

“कधी लक्षात नाही आलं?”

“कामात असायचे.”

दोघं हसले. तीही हसली. ‘नाही येत’ हे दोन शब्द तिने आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने उच्चारले होते आणि ते किती सहज निघाले, चष्म्याचा नंबर सांगावा तसे. जिन्यावरच्या खिडकीशी चहाचा कप घेऊन ती उभी राहिली. खाली रस्त्याच्या कडेला एक माणूस गाडीचं टायर बदलत होता, आणि तिला त्या माणसाबद्दल, टायरबद्दल, पानांवरच्या धुळीबद्दलसुद्धा प्रेम वाटायला लागलं. नव्हतंच आपल्याकडे. एक प्रोटीन नव्हतं. उंची कमी असते कुणाची, कुणाला रंग ओळखता येत नाहीत, तसं. यात मायेचा प्रश्न येतोच कुठे? सासूबाई आता हयात नव्हत्या, नाहीतर तिने त्यांना आणून ती स्लाइड दाखवली असती. बघा, हे बघा, इथे हिरवं असायला हवं होतं. त्या बिचाऱ्या काही म्हणाल्याच नव्हत्या कधी, तरी तिला त्यांनाच दाखवायचं होतं. इतकी वर्षं पाठीवर घेतलेलं ओझं कुणाचं होतं, कुणी दिलं होतं, हे आठवत नसताना एकदम कुणीतरी येऊन ते उतरवून घ्यावं, तसं झालं होतं तिला, आणि आता हात रिकामे कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं.

फोन वाजला तो तेव्हाच. मुलीचा होता. तीन आठवड्यांपूर्वी मुलीला मुलगी झाली होती, दूरच्या शहरात, सासरी. ‘आत्ता लगेच नको येऊस आई, इथे खूप माणसं आहेत, तुझीच अडचण होईल,’ असं मुलीने आधीच सांगून ठेवलं होतं, आणि तिनेही ‘बरं, तू म्हणशील तेव्हा’ असं म्हणून टाकलं होतं. रोज फोन व्हायचा. बाळ कसं आहे, झोपलंय, तू कशी आहेस, ठीक. पण तो संध्याकाळी व्हायचा आणि आईने केलेला असायचा.

“कामात आहेस?” मुलीने विचारलं.

“नाही. बोल.”

“काही नाही ग, सहज केला.”

सहज फोन करणाऱ्यातली मुलगी नव्हती ती. तिने कप खिडकीत ठेवला.

“हिच्या डोक्याला वास येतो म्हणतात सगळे,” मुलगी हळू आवाजात म्हणाली. कुठलं तरी दार लोटून घेतल्यासारखा आवाज आला. “सासूबाई तर उठल्यापासून हुंगत असतात. हापण कामावर जाताना दोनदा परत येतो. मला येत नाही आई.”

“सर्दी असेल.”

“सर्दी नाहीये. बाकी सगळे वास येतात, हिच्या लंगोटाचा तर जिन्यातून येतो.” ती हसली, पण ते हसू तिला पुढे नेता आलं नाही. “सगळ्यांसमोर मी हो म्हणते. किती छान, म्हणते. आणि मग हिला घेऊन बसले की वाटतं, आपण खोटं बोलतोय हिच्या तोंडावर. असतं का ग असं कुणाचं? का माझंच काही…”

आईच्या जिभेवर सगळं तयार होतं. काही नाही ग वेडे, तुझ्यात काही कमी नाही, एक प्रोटीन नाही, ते माझ्यातही नाही, माझ्याकडून आलंय तुझ्याकडे, आत्ताच डोळ्यांनी बघून आले. दोघींची एका वाक्यात सुटका होती. पण इतक्या वर्षांच्या सवयीचा हात तोंडावर आला. एका स्लाइडवरून कुणाला काही सांगायचं नाही, हे तिने इथे येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगितलेलं होतं.

“उद्या फोन करते तुला,” ती म्हणाली. “मला एक बघायचंय.”

“काय बघायचंय?”

“कामातलं आहे.”

“बरं,” मुलगी म्हणाली. हे ‘बरं’ तिला पाठ होतं. शाळेच्या वयापासून मुलगी असंच म्हणायची आणि आपल्या खोलीत जायची. आत्ताही ती गेली. फोन बंद झाल्यावर आईला स्वतःचा राग आला, पण आणखी एक स्लाइड करून पाहिली की उद्या तिच्या हातात काहीतरी पक्कं असणार होतं, आणि पक्कं हातात असल्याशिवाय मुलीसमोर कसं जायचं ते तिला कधी जमलंच नव्हतं.

दुपारी आवराआवर करताना फ्रिजमध्ये तिला ती नळी दिसली. अँटिबॉडीचं मिश्रण ती नेहमी मोजून करी, एक थेंब जास्त नाही की कमी नाही. ते कुठल्या तरी सशाचं रक्त आहे हे लक्षात ठेवून तिने ही कंजुषी अंगी बाणवली होती. सात स्लाइडपुरतं केलेलं मिश्रण सगळं संपायला हवं होतं. नळीच्या तळाशी एका स्लाइडपुरतं उरलेलं होतं. तिने नळी उजेडात धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. मग तिला थेंब सोडले ती कालची सकाळ आठवली, म्हणजे डोक्याला नाही, हाताला आठवली. ओल्या डब्यात ओळीने मांडलेल्या स्लाइड, पहिली, दुसरी, तिसरी, सहावीनंतर काचेच्या कडेवर पेन्सिलने लिहिलेलं आपलंच नाव, आणि हात पुढे निघून गेलेला. ही कोरी. हिच्यावर काही घालायचं नसतं. हाताला एवढंच माहीत होतं आणि त्याने ते इमानाने केलं होतं. ती विसरली नव्हती. तिने स्वतःला वगळलं होतं, आणि वगळताना तिला काही जाणवलंही नव्हतं.

बेसिन दोन पावलांवर होतं. नळी ओतून नळ सोडला असता तर झालं असतं. मोठ्या बाईंना त्यांचं सोनं मिळालं असतं, मुलीला रात्री झोप लागली असती, आणि तिला स्वतःला, तिला तर काय काय मिळालं असतं. पुढेमागे कुणी पुन्हा तपासलंच असतं तर तेव्हाचं तेव्हा. ती नळी हातात धरून उभी राहिली आणि तिला दिसलं, ही गोष्ट आता घरात रुळेल. मुलगी ती आपल्या मुलीला सांगेल. आपल्याकडच्या बायकांना नसतं ते, पणजीच्या चष्म्याची गोष्ट सांगावी तसं हसत हसत सांगेल. कुणाला दुखणार नाही. आणि त्या दवाखान्याच्या खोलीत वाकलेली बाई कायमची तिथेच राहील, कारण तिच्याबद्दल विचारायचं कुणाला कारणच उरणार नाही. डॉक्टरांच्या ब्रशमधून दर वेळी तीन स्लाइड निघत. तिची तिसरी फ्रीझरमध्ये शिल्लक होती. तिने ती काढली. सचोटीबिचोटीसाठी नाही. कुणी विचारलं असतं तर तिने तसं सांगितलं असतं, पण खरं म्हणजे तिला कळून घ्यायचं होतं आणि न कळण्याची ताकद तिच्यात उरली नव्हती. या वेळी थेंब सोडताना तिने दुसऱ्या हाताने आपलं मनगट धरलं होतं.

घरी आल्यावर तिने दिवा न लावता थोडा वेळ काढला. शेजारच्या घरात कुणीतरी कपाट सरकवत होतं. अंधारात सगळ्या वस्तू आपापला वास घेऊन बसल्या होत्या. गॅसच्या रबरी नळीचा, न वाळलेल्या टॉवेलचा, नवऱ्याच्या जुन्या पुस्तकांचा, ज्यांना ती कधी हात लावत नसे. किती वास येत होते तिला. एक एक वास ती ओळखून बाजूला ठेवत गेली, आणि सगळे संपल्यावर जे उरलं त्याला काहीच वास नव्हता. तिने संध्याकाळचा फोन केला नाही. मुलीनेही केला नाही. इतक्या माणसांच्या घरात मुलगी आत्ता कुणाच्या तरी समोर हो हो म्हणत बसली असेल, असा विचार तिच्या मनात आला, आणि त्या विचारासरशी तिला मुलगी जितकी जवळची वाटली तितकी ती कधीच वाटली नव्हती. पण ते जवळपण घेऊन जायला वाट नव्हती. ते तिथेच खुर्चीत तिच्याशेजारी बसून राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिली हिरवी पेशी स्लाइडच्या अगदी कडेला सापडली. मग आतल्या बाजूला दोन, एकमेकींना लागून. तिने पाच मोजल्या आणि मोजणं सोडून दिलं. सुंदर दिसत होत्या. नुसतं पाहणाऱ्याला त्या सुंदरच दिसल्या असत्या. होतं, म्हणजे. सगळ्यांच्या नाकात होतं तसं तिच्याही नाकात होतं, आणि सगळे वाकले होते त्या टाळूवर तीही वाकली होती. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. फक्त कालचं ओझं परत पाठीवर येऊन बसलं, आणि तिला ते ओळखीचं वाटलं.

“अरेरे,” मोठ्या बाई म्हणाल्या. “म्हणजे तुम्हीपण आमच्यासारख्याच निघालात.” त्यांनी मनापासून वाईट वाटून घेतलं आणि दुसरा माणूस कुठे शोधायचा याच्या विचारात निघून गेल्या.

मास्तर मात्र थांबले. “पण एक सांगू? असणं वेगळं आणि चालणं वेगळं. दार आहे, एवढंच अँटिबॉडी सांगते, दार उघडतं की नाही ते ती काय सांगणार? तुमचं असेल बंद. दार आहे, पण बंद असेल.” त्यांना काही ठाऊक नव्हतं, ते नेहमीसारखं दोनदा सांगत होते इतकंच.

ते खरंही होतं. पुढची तपासणी करता आली असती, तिच्यानंतरची आणखी एक, आणि प्रत्येकीच्या शेवटी थोडी जागा उरलीच असती, स्वतःला माफ करायला पुरेल एवढी. तिने दिवा बंद केला. त्याला गार व्हायला वेळ लागतो, तेवढा वेळ ती त्याच्याजवळ बसली. मग जिन्यावरच्या खिडकीशी जाऊन फोन लावला. सांगायला हातात काहीच नव्हतं.

“झालं बघून?” मुलीने विचारलं. आवाज सभ्य होता.

“झालं. त्यात काही निघालं नाही.”

“बरं.”

“थांब. ठेवू नकोस.” असं तिने मुलीला कधी म्हटलं नव्हतं. “मलाही आला नव्हता.”

“काय?”

“वास.”

“कुणाचा?”

“तुझा.”

जिन्यावरून कुणीतरी तिच्या मागून उतरून गेलं. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

“कधीच नाही?” मुलीने विचारलं.

“कधीच नाही. सगळ्यांसमोर हो म्हणाले होते.”

“मग तू ते सगळं कसं केलंस?”

“तसंच केलं,” ती म्हणाली. “वास न येता.”

तिने फोन कानावरून काढून चालू आहे का ते पाहिलं. मग आवाज आला, आणि तो सभ्य नव्हता.

“मला कळायचं ते. तू किती जपून करायचीस सगळं. माझी वेणी घालताना तुझा श्वास अडकलेला असायचा. बाकीच्यांच्या आया नव्हत्या तशा, त्या बडबड करत घालायच्या.” ती थांबली. “मला वाटायचं, मीच अवघड आहे.”

तिने खिडकीची चौकट धरली. इतकी वर्षं ती एकटीच त्या खोलीत वाकून उभी आहे असं तिला वाटत होतं.

“नाही ग,” ती म्हणाली. “तू सोपी होतीस. तू फार सोपी होतीस.”

पलीकडे मुलगी रडत होती, हळू, बाळ उठू नये म्हणून. तिने फोन कानाला लावून ठेवला.